कट्ट्याचं नाव

त्या सकाळी आम्ही दोघं डंकावर जाऊन वर्षाची चटणी कांडून आणली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

चटणी कांडणं म्हणजे एक मारामारीच. लोखंडी मुसळं वरनं दणादणा खाली येतात. खाली कडकडीत वाळलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, आणि सगळ्या खोलीत लाल धुरळा. बायकोनं, शालननं, नाकातोंडाला पदर गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे, ते पण पाण्यानं भरलेले. मी चाळण धरून उभा. शिंकांवर शिंका. डंकवाल्याला गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायची खोड. तो म्हणाला, "काकू, एवढं रडायला काय माह्यारला निघालाय व्हय?" ही पदरातनंच म्हणाली, "माझं माह्यार बी घाल की तुझ्या मुसळाखाली. कांड बारीक." डंकवाला हसला, मी हसलो. ती हसली नाही.

येताना डबा सायकलच्या कॅरेजला बांधला. मी सायकल ढकलत पुढं, ती मागनं डब्यावर हात ठेवून. कांडलेली चटणी बराच वेळ गरम असते. डबा ताप आलेल्या पोरागत लागत होता.

आता परत फुटबॉलच्या मॅची सुरू झाल्यात. आमच्या कोल्हापुरात उन्हाळा मैदानाच्या बाजूनं येतो, आणि तो आधी ऐकू येतो. ऊन जरा कललं की तिकडनं एकदम आरडा उठतो. हजारो गळ्यांचा एकच आवाज, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. घरात बसून मला कळतं, गोल झाला का हुकला. कोणाचा झाला तेही कळतं. पेठांतनं झेंडे लागतात, भिंती रंगतात, पोरांचे आवाज बसतात. मीठ-मिरची लावलेल्या कैऱ्यांच्या गाड्या लागतात. लोकांना वाटतं पैलवानांचं गाव, पण कुस्तीत निदान दोघंच लढतात. आमच्या फुटबॉलला सगळी पेठ लढते. आई, बाप, म्हातारा, म्हातारी. पूर्वी मला ह्या आवाजानं अंगावर काटा यायचा. आता तो आवाज आला की मी उठून खिडकी लावतो. एकदा लावायच्या रागात काच फोडून घेतली. तळहाताला अजून वण आहे.

मी जन्मभर फौंड्रीत काम केलं. चार इयत्ता झाल्या आणि बापानं भट्टीवर घातलं. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं बिडाचं लोखंड ओतायचं. रस उडाला की बुटातनं आत जातो आणि मांस जाळून बाहेर येतो. असल्या कामात माणूस गोड बोलायला शिकत नाही. शालन म्हणायची, "तुमच्या तोंडातनं बी रसच उडतोय." ती पण काही कमी नव्हती. पलीकडच्या पेठेची पोरगी. आमच्याकडं फुटबॉलची टीम तालमीची असते. आमची तालीम आणि त्यांची तालीम यांचं वैर आमच्या आज्यापासनंचं, आणि मधे रस्ता एक. लग्नात वरातीला दोन्हीकडची पोरं होती आणि दोन्हीकडच्यांच्या कमरेला पट्टे नव्हते, कारण थोरल्यांनी आधीच काढून घेतले होते.

नव्वद सालानंतरच्या एका फायनलला ते सगळं फुटलं. गोल आमचा होता, रेफरीनं दिला नाही. खुर्च्या उडाल्या. तिचा भाऊ सर्जेराव सायकलची चेन घेऊन समोर आला. आपला दाजी आहे हे त्याला दिसत होतं, आणि हा मेव्हणा आहे हे मलाही. त्यानं माझं डोकं फोडलं, मी त्याचे दोन दात पाडले. घरी आल्यावर हिनं माझं डोकं धुतलं. पाणी लाल होऊन मोरीत जात होतं आणि ती विचारत होती, "सर्जाला कुटं लागलं?" मी म्हणालो, "दातावर." ती म्हणाली, "म्हंजे त्येचं बी तोंड बंद झालं."

झालंच. त्या दिवसापासनं दोन्ही दारं बंद. भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि ही भाऊबीजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. हिचा भाऊ पलीकडच्या गल्लीत फटाके लावत असायचा, त्याचे आवाज आम्हाला येत असायचे. ताट खाली ठेवताना ती एकदा म्हणाली, "चंद्रानं निदान कुणाचं डोस्कं फोडलं न्हाई."

फौंड्री सुटल्यावर आम्ही रस्त्याकडची खोली गल्लीतल्या अमरला भाड्यानं दिली. त्यानं तिथं नेटकॅफे घातला. प्लायवूडची खुराडी, प्रत्येकात एक मशीन, भिंतीवर आमच्या तालमीच्या टीमचा मोठा फोटो. दिवसभर पोरं. नेटवर तेव्हा एक साईट निघाली होती, तिच्यावर पोरं आपापले कट्टे काढायची. कम्युनिटी म्हणायची. ज्यानं काढला तो मालक. नाव मालक ठेवणार, आत मालक घेणार, हाकलणारही मालकच. अमरनं एक काढला होता, 'कोल्हापूरचा फुटबॉल'. शालन चहा द्यायला जायची, तिला त्यानं समजावून दिलं. "काकू, ह्यो आपल्या तालमीम्होरचा कट्टाच समजा. फकस्त बसायला फरशी न्हाई."

"मग कोण कोण येतंय त्येच्यावर?"

"कोण बी. फुटबॉलचं येड पायजे."

"पलीकडची पेठ बी?"

"येत्यात की. शिव्या खायाला येत्यात."

ती तिथंच टेकली. "बघ बरं, सर्जेरावाचा रणजित हाय काय त्यात."

निघाला. मिशी फुटलेला, गळ्यात त्यांच्या तालमीचा रुमाल. हिनं त्याला शेवटचा बघितला तेव्हा तो चड्डीवर पतंग उडवत होता. तिनं काचेवर बोट ठेवलं. अमर म्हणाला, "काकू, काच पुसायची न्हाई, बोला काय लिहू." आणि ज्या कट्ट्यावर कुणाचा गोलकीपर आंधळा यावर भांडण पेटलं होतं, तिथं मधेच हिचं वाक्य गेलं, "रणजित, आत्ती बोलतोय. जेवलास का?"

आमच्याकडच्या बायका स्वतःला 'बोलतो, जातो'च म्हणतात. त्यामुळं कट्ट्यावरच्या पुण्या-मुंबईच्या पोरांनी विचारलं, हा कोण बाबा आत्ती? रणजितनं लिहिलं, "माझी आत्ती हाय. नीट बोलायचं." आणि मग तिला लिहिलं, "जेवलो. तू?"

तो उन्हाळा शालननं त्या खुराड्यात काढला. संध्याकाळी भाकरी थापून ठेवायची आणि अमरच्या खांद्यामागं जाऊन बसायची. त्यानं वाचायचं, तिनं सांगायचं. मॅचीबद्दल पण बोलायला लागली. ऑफसाईड का नाही, पासिंग कुठं फसलं. एकानं लिहिलं, बायकांनी फुटबॉलमध्ये पडू नये. तिनं अमरला सांगितलं, "लिव्ह. माझ्या न्हवऱ्याच्या डोस्क्याचं टाकं मी धुतल्यात. मला फुटबॉल शिकवू नगं." दोन्ही पेठांची पोरं तिच्यावर खूश. रणजित बापाची खबर द्यायचा. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आप्पांनी गाडी घेतली. आप्पांना सांगितलंय तू असतेस इथं, काय बोलले नाहीत, पण विचारलं, बरी हाय काय. हे शेवटचं तिनं अमरला दोनदा वाचायला लावलं.

भांडण नावावरनं सुरू झालं. त्यांच्या पोरांचं म्हणणं, नाव सगळ्या कोल्हापूरचं आणि वर फोटो तुमच्या तालमीचा, हे कसं? फोटो बदला. आमच्यांचं म्हणणं, कट्टा आम्ही काढला, येणार तर गुमान या. चार-सहा दिवस नुसती जुंपली होती. मग सेमी फायनल आम्ही जिंकलो आणि त्या मस्तीत अमरनं नावच बदललं. 'फुटबॉलचा बाप, आमची तालीम'.

मला वाटलं, बदललं तर बदललं, भिंतीवर काय कमी लिहितात? पण हिनं मला समजावलं. त्या साईटवर प्रत्येकाचं एक पान असतं, आणि तो ज्या कट्ट्यावर बसतो त्याचं नाव त्याच्या पानावर आपोआप लागतं. म्हणजे त्यांच्या पोरांच्या कपाळावर त्यांना न विचारता आमच्या तालमीचं नाव गोंदवलं होतं, बाप म्हणून. त्यांच्या पेठेत एकमेकांना दाखवून हसले, मग भडकले, मग एकजात सगळे बाहेर पडले. त्यांनी दुसरा कट्टा काढला, 'बापाचा बी बाप'. रणजित जाताना लिहून गेला, "आत्ती, मला हितं ऱ्हाता येत न्हाई. तू तिकडं ये." ती तिकडं गेली तर तिथल्या मालकानं हिला आत घेतलं नाही. म्हणाला, ही त्यांच्यातली आहे, खबरा काढायला आली. आणि इकडं आमच्या पोरांनी अमरला सांगितलं, काकूचं माहेर तिकडचं, काकूला काढ. त्यानं काढलं. तिच्या घरात बसून, तिचा चहा पिऊन.

तिनं लाटणं घेतलं आणि खोलीत गेली. "अमऱ्या, नाव बदल."

"काकू, पोरं मला जित्ता सोडणार न्हाईत."

"आन् मी सोडंन व्हय? व्हतं त्ये नाव परत लाव. माझ्यासाठी न्हवं. त्यो पोरगा परत यायला पायजे."

"फायनल हुंदे, मग बघतो."

मी मागनं आलो. माझ्या हातात फौंड्रीतला घण होता. मला वाटलं सोपं आहे, ते खोकं फोडलं की कट्टा संपला, नाव पण संपलं. मी उचललाच होता. हिनं माझं मनगट धरलं. "फोडू नगा," म्हणाली, "माझं माह्यार हाय त्यात." अमर तसल्या वेळी पण हसला, त्याला मी एकच हाणली. खुराड्याची प्लायवूड घेऊन तो पडला. खोली रिकामी कर म्हणून सांगितलं. फायनलनंतर करतो म्हणाला.

आणि फायनल होती, चटणी कांडली त्याच दिवशी.

आम्ही पेनल्टीवर जिंकलो. मैदानातनंच दगड सुरू झाले. आमची पोरं गुलाल उधळत, गाड्यांचे सायलेन्सर काढून गल्लीत आली, 'बाप आला, बाप आला' ओरडत. आणि मागनं पलीकडची पेठ आली. नुसती पोरं नाही, त्यांचे थोरलेही. हातात गज, काठ्या, ट्यूबलायटी. नेटमधलं ज्यांना कळत होतं ती पोरं मागं होती. पुढं ते होते ज्यांना माझ्यासारखंच वाटत होतं, की त्या खोलीत एक कट्टा आहे आणि तो फोडला की आपल्या पोरांच्या कपाळावरचं नाव जाईल. एक जण ओरडत होता, "हीच ती खोली! हितंच ठेवलंय त्यांनी!" बापजाद्यांची तालीम फोडायला यावं तसे ते आमच्या त्या आठ बाय दहाच्या खोलीवर आले. अमर मागच्या दारानं कधीच पळाला होता.

पहिल्या सपाट्यात शटर वाकलं. मशीनी बाहेर ओढून रस्त्यावर आपटल्या. काचा फुटल्या, आतनं धूर आला, कुणीतरी त्यावर नाचत होतं. आमच्या तालमीच्या पोरांनी गल्लीच्या आतल्या बाजूनं दगडफेक धरली. मी दारात घण घेऊन उभा. आणि शालन माझ्या काखेखालनं बाहेर पडली. चटणी डब्यात दाबून भरत होती, ते लाल हात तसेच. रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली, कारण पुढच्या रांगेत तिला सर्जेराव दिसला होता. हातात लोखंडी गज. एवढ्या वर्षांनी.

"सर्जा," ती ओरडली, "आलास व्हय? लेका, यायचं तर गज घिऊन आलास?"

मी बघितलं, त्याचा हात खाली आला. तोंड उघडं पडलं, पुढचे दोन दात नव्हते. तो "आक्का" म्हणाला, म्हणजे ओठ तसे हलले, आवाज कुठला येतोय त्या गोंधळात. ती पुढं निघाली. दोन-तीन पावलं गेली असेल. आणि पडली.

दगड डोक्याच्या मागं लागला होता.

हे मी पोलिसाला सांगितलं. तोंड तिकडं होतं, दगड मागं लागला. त्यानं लिहून घेतलं, अज्ञात जमावाकडून. मी म्हणालो, "अज्ञात कशाला? ती गल्ली माझी हाय, त्यातलं एकूणएक पोर माझ्या अंगणात खेळलंय." तो म्हणाला, "काका, सही करा." तालमीतले थोरले मला समजवायला आले, गडबडीत होतं असं, त्यांनी सुरुवात केली. मी ऐकून घेतलं. माझ्या हातात तेव्हा काही नव्हतं हे त्यांचं नशीब.

तिला लागलं ते पण बघून कळू नये असं. रक्त थोडंच. माझ्या डोक्यातनं त्या फायनलला किती गेलं होतं, मोरी भरली होती, आणि मी अजून जिवंत. हिच्या कानामागं नुसतं काळंनिळं. रिक्षात डोकं माझ्या मांडीवर, हात माझ्या शर्टावर, शर्टावर मिरचीची बोटं उमटलेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत सांडलंय. उजाडायच्या आत गेली.

पुढं केव्हातरी रणजितनं मला दुसऱ्या एका नेटकॅफेत नेऊन दाखवलं, तो कट्टा तसाच्या तसा होता. नाव पण तेच. मशीनी फुटल्या, खोली फुटली, बाई मेली, आणि नावाला ओरखडा नाही. मी म्हणालो, पूस की. तो म्हणाला, "अमरशिवाय कुणाला पुसता येत न्हाई, आन् त्यो इचलकरंजीत कुटं यंत्रमागावर कामाला हाय म्हणत्यात, फोन उचलत न्हाई." फौंड्रीत तुकडा चुकला तर आम्ही तो परत भट्टीत टाकायचो. कितीही वाकडा असू दे, वितळायचा. हे कसलं ओतकाम म्हणायचं, ज्याला भट्टीच नाही? हिची सगळी बोलणी अमरनं काढून टाकली होती. एक रणजितनंच लिहिलेलं राहिलं होतं, "जेवलो. तू?" त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही. कुणालाही कळणार नाही तो कुणाला विचारतोय.

ती चटणी मी वर्षभर खाल्ली. रागानं खाल्ली. भाकरीला थापून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. शेजारच्या सुनेनं दुसरं कालवण आणून दिलं तर परत पाठवलं. डबा सरला तेव्हा तो मी भिंतीवर मारला. नंतर उचलून ठोकून सरळ केला, कारण डबा लागतो.

आता पोरांकडं मोबाईल आलेत. कट्टे खिशात घेऊन हिंडतात. परवा दोघं माझ्या पायरीवर बसून वाद घालत होते, ग्रुपचं नाव काय ठेवायचं. एक म्हणाला, "आपल्या पेठंचंच पायजे, न्हाईतर मी न्हाई त्यात." मी काठी घेऊन उठलो. "आजोबा, काय झालं?" म्हणत पळाले. त्यांना सांगायचं होतं मला, पण माझ्या तोंडातनं शिवीच बाहेर आली. दुसरं काही येत नाही.

शालन गेली त्या सकाळची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. पोस्टमार्टम करून दुपारपर्यंत देतो म्हणाले होते. मी घरी आलो. रस्त्यावर काचांचा खच, गुलाल, वायरी. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यातली म्हातारी म्हणाली, "सवाष्ण गेलीया. माह्यारची साडी आल्याबिगार उचलायची न्हाई. अंगावर घालून मगच." रीत सगळ्यांना माहीत होती, आणि माहेरचं दार बंद आहे हेही.

तालमीचे वस्ताद उभे होते. ते म्हणाले, "तिकडचा एक माणूस ह्या गल्लीत पाय ठेवणार न्हाई. पोरं तापल्यात. साडीचं आम्ही बघतो. तालमीतर्फे चांगली पैठणी आणतो."

मी म्हणालो, "वस्ताद, तालमीनं दगड दिला की. साडी कशाला?"

मग मी उठलो, पायात वहाणा पण घातल्या नाहीत, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पेठेत गेलो. माझं डोकं फुटलं त्या फायनलनंतर पहिल्यांदा. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पोरं बसली होती, डोक्याला पट्ट्या. एक उठला, "कोण हाय रं?" दुसऱ्यानं त्याला खाली ओढलं. सर्जेरावच्या दाराला कडी नव्हती. तो उंबऱ्यात बसला होता, रात्रभर तसाच बसला असावा. मला बघून उभा राहिला. गुडघा दुखत असणार, चौकटीला धरून उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या हातात गज हुता. दगड न्हवता."

"म्हाईत हाय," मी म्हणालो. "बहिणीला साडी लागंल. घ्या आन् चला."

त्याच्या बायकोनं आतनं हिरवी साडी आणली, घडी न मोडलेली. सर्जेरावनं ती छातीशी धरली. रणजित त्याच्या मागं, आणखी घरातल्या दोन बायका. आम्ही निघालो. रस्ता ओलांडला. आमच्या गल्लीच्या तोंडाला आमची पोरं उभी होती. त्यांच्या हातात काय होतं ते मी बघितलं नाही. सर्जेराव थांबला. मी त्याचा हात धरला, त्याला माझ्या पाठीमागं घेतलं, आणि तोंड गल्लीकडं करून पुढं चालायला लागलो.